आखूड की लांब

आमच्या घरात कुठलीही गोष्ट आधी मापली जाते, मग तिच्याबद्दल बोललं जातं. नवरा शिंपी. त्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. गळ्यातली टेप ते फक्त आंघोळीला आणि झोपताना काढतात. त्यामुळे डॉक्टरबाईंनी माझ्या छातीतली गाठ सतरा मिलिमीटरची आहे असं सांगितलं, तेव्हा या माणसानं काय करावं? तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या टेप उलगडली, सतराव्या बारीक रेघेवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि म्हणाले, एवढीशीच? कोटाचं बटण याहून मोठं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिथंच थांबलं आणि मला हसू फुटलं. डॉक्टरबाईंना वाटलं, बाईला धक्का बसलाय.

गाठ काढली. काखेतून काढून तपासायला पाठवलेल्या ग्रंथीही स्वच्छ निघाल्या. लवकर सापडलं, लवकर सापडलं, असं जो तो सांगत होता आणि मीही स्वतःला तेच बजावत होते. पण तपासणीत गाठीचा स्वभाव जरा तापट निघाला. माझ्या अंगात वाढलेली, ती गरीब कशी असेल! तर ती पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून केमो घ्यावी असं डॉक्टरबाईंचं मत पडलं. आणि ती तीन तऱ्हांनी घेता येत होती.

औषधांची नावं म्हणजे जिभेला फरफटत नेणारी. मास्तरांनी तिघांचंही बारसं करून टाकलं, तेही धंद्याच्या हिशोबानं. पहिली 'आखूड': तीन तीन आठवड्यांनी एक अशा चार फेऱ्या, तीन महिन्यांत मोकळं, केस मात्र सगळे जाणार. दुसरी 'लांब': सहा महिने चालणार, महिन्याला एक फेरी आणि तिच्यात दोन खेपा, केस विरळ होतील पण बहुतेक टिकतील. तिसरीचं नाव 'अस्तर', कारण तिच्यात आतल्या हृदयाची काळजी घ्यावी लागणार होती. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून अस्तर डॉक्टरबाईंनीच मागे सारली. उरल्या दोन. आठवडाभर विचार करा, मग या, असं त्यांनी सांगितलं.

आता विचार करायचा म्हटल्यावर आमच्याकडे अक्का येणारच. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, पण निवृत्ती अजून अंगी लागलेली नाही. तिनं दुकानात पाऊल ठेवलं, चष्मा पुसला आणि कापायच्या टेबलावर खाकी कागद पसरायला लावला, ज्याच्यावर आम्ही पॅटर्न काढतो तो. मास्तरांनी टेप लावून रकाने आखले, सुतासारखे सरळ. डावीकडे अक्कानं खडूनं विषय लिहिले: किती दिवस, केस, मळमळ, थकवा, येण्याजाण्याचा त्रास, आणि रोग परत न येण्याची खात्री. प्रत्येक विषयाला दहा गुण. सहा विषय, साठ गुण.

तासभर दोघांची जुंपली. केसांना दहापैकी शून्य द्यायचं की दोन, यावरून अक्का म्हणाली, केस पुन्हा उगवतात म्हणून दोन. मास्तर म्हणाले, तुझे उगवले का? अक्काचे केस आधीच पातळ. ती उठून निघालीच होती, मी चहा ठेवला म्हणून बसली. शेवटी बेरीज झाली. आखूड एक्केचाळीस, लांब चौतीस. आखूड पहिली आली. दोघांना इतका आनंद झाला, जसं काही त्यांचंच पोर बोर्डात आलंय. अक्कानं मला तीन रुमाल आणि एक टोपीही आणून दिली, आगाऊ, डोक्याला बांधायला.

मी गप्प होते. माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोघं गुण देण्यात बुडालेली. मी का गप्प होते ते सांगते. हॉस्पिटलमधून मिळालेलं माहितीपत्रक मी शेवटपर्यंत वाचलं होतं. आखूडच्या खाली तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत होतं: हातापायांच्या बोटांना मुंग्या, बधिरपणा, बहुतेकांचा पुढे कमी होतो, काहींचा राहतो.

मी रफू करते. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळ, बावीस वर्षं. कोटाला कसर लागली, शालीला ठिणगी पडली, पँट तारेत अडकून फाटली, की ते माझ्याकडे येतं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि केसाएवढ्या सुईनं एकेक उभा धागा, एकेक आडवा धागा, वरून खालून विणत भोक भरायचं. सासूबाईंनी मला हे शिकवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटायला लावले होते. डोळे फसतात, बोट फसत नाही, असं त्या म्हणायच्या. काम संपलं की मी आजही डोळे मिटून त्यावरून बोट फिरवते. बोटाला काही लागलं, की उसवायचं आणि पुन्हा करायचं. काही लागलं नाही, तर झालं.

पण हे बोलायचं कसं? एकीकडे जीव, दुसरीकडे सुई. लोक काय म्हणतील, या बाईला मरणाची भीती नाही पण बोटाला मुंग्या येतील याची आहे. मला मरणाची भीती होती, भरपूर होती. दुपारी एकटी असताना ती अंगावर यायची. पण खिडकीजवळची ती खुर्ची रिकामी दिसली तरी तशीच भीती वाटायची, हेही खरं. म्हणून मी आमच्या एका गिऱ्हाइकाचा, वकिलांचा, काळा कोट पुढ्यात घेऊन बसले आणि काम करत असल्याचं नाटक केलं. तीन भोकांचा तो कोट ऑपरेशनच्या आधीपासून अडकून पडला होता. कोर्टाची तारीख असली की वकील बिचारे तो तसाच घालून जायचे आणि भोकांवर, छातीशी फाईल धरून उभे राहायचे.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरबाईंपुढे बसलो. अक्कानं खाकी कागदाची गुंडाळी बरोबर आणली होती, ती त्यांच्या टेबलावर मावेना, तेव्हा दोन कोपरे मास्तरांनी धरले. डॉक्टरबाईंनी सगळा तक्ता मन लावून वाचला. चांगला आहे, माझे विद्यार्थीही एवढं करत नाहीत, असं म्हणाल्या, तशी अक्का खुर्चीत दोन इंच वर आली. मग त्या आखूडच्या तारखा काढायला कॅलेंडरकडे वळल्या.

त्यांनी हात लांब केला आणि मला बाही दिसली. राखाडी लोकरीचा कोट, बारीक चौकडीचा. खोलीत गारठा होता म्हणून त्यांनी अंगात घातला होता. चौकडीचं ते कापड मी दहा हजारांतून ओळखेन, कारण त्या चौकडीनं माझ्या नाकी नऊ आणले होते.

माझ्या तोंडून निघूनच गेलं. "डॉक्टरबाई, तुमच्या डाव्या बाहीवर, कोपराच्या वर चार बोटं, मी केलेलं रफू आहे."

त्यांनी बाही बघितली, कोट काढून उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, बोट फिरवलं. काही सापडेना. मास्तरांनी बघितलं, त्यांनाही सापडेना. अक्कानं चष्मा लावून बघितलं आणि कापडात काहीही नाही असा निकाल दिला. मी कोट मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि बोट टेकवलं. हे इथं. मटाराच्या दाण्याएवढं होतं, कशानं तरी जळलेलं. सहा वर्षं झाली असतील, लॉन्ड्रीवाला घेऊन आला होता.

डॉक्टरबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मला सहा वर्षं वाटत होतं, लॉन्ड्रीवाल्यानं भीतीनं नवा कोट आणून दिला."

सगळे हसलो. मग त्यांनी माझी फाईल ओढली, पहिलं पान उघडलं, वाचलं आणि सावकाश मान वर करून मास्तरांकडे बघितलं. पहिल्या दिवशी मी रक्त द्यायला गेले होते तेव्हा तो फॉर्म मास्तरांनी भरला होता. त्यात व्यवसायाच्या पुढे त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: गृहिणी.

मास्तरांचं तोंड कसं झालं म्हणून सांगू! ऐन लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या कोटाची बाही उलटी लागल्याचं लक्षात यावं तसं. त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही, असं मला आज वाटतं. त्या दिवशी वाटलं नव्हतं. बाईचं काम इतकं चांगलं की ते दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून नवऱ्यालाही ते आठवत नाही. दुकानाच्या पाटीवर शिवणकाम लिहिलंय, इस्त्री लिहिलंय, बटणंसुद्धा लिहिलीत. रफू नाही.

डॉक्टरबाईंनी कॅलेंडर मिटलं. हे आधी मीच विचारायला हवं होतं, असं त्या सरळ म्हणाल्या, आणि मग मला विचारलं, मास्तरांना नाही, अक्काला नाही, की बोटांचं तुम्हाला किती वाटतं? आठवडाभर आवरलेलं मग सगळं बाहेर आलं. मी म्हणाले, "बोटं गेली तरी मी जगेन हो. पण सकाळी उठून बसू कुठं?" आणि भर हॉस्पिटलमध्ये मी हमसून हमसून रडले. मास्तरांनी खिशातून रुमाल काढून दिला, तोही मी रफू केलेला.

मग डॉक्टरबाईंनी आखूड आणि लांब दोन्ही पुन्हा समोर ठेवल्या. आखूड जराशी सरस मानतात हे खरं, पण तुमच्यासारख्या शंभर बायका घेतल्या तर दोघींमधला फरक एखाद-दुसऱ्या बाईचा असेल, आणि नेमका आकडा कुणी देऊ शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. लांबमध्ये दिवस जास्त, खेपा जास्त, मळमळ आणि तोंड येणं जास्त. बोटांना धोका मात्र बराच कमी. हमी नाही, पण कमी. तुम्ही लांब निवडली तर मी ती निर्धास्तपणे देईन, असंही म्हणाल्या. निवड मी करायची होती.

मी लांब निवडली.

घरी आल्यावर अक्कानं खाकी कागद पुन्हा पसरला, सातवा विषय लिहिला, 'बोटं', आणि त्याला शंभर गुण ठेवले. मास्तर म्हणाले, अक्का, बाकीच्यांना दहा आणि याला शंभर? ती म्हणाली, पेपर कुणाचा आहे ते बघून गुण ठेवायचे असतात, हे मला चौतीस वर्षांत सुचलं नाही. असं म्हणून ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. अक्का असलं काही करत नाही हो.

सहा महिने काही फुलांच्या पायघड्या नव्हत्या. तोंड आलं, पाण्याचा घोटही झोंबायचा. कपडे वाळत घालून आलं तरी डोंगर चढून आल्यासारखं व्हायचं. काही दिवस मी इतकी चिडकी झाले की मास्तर दुकानातून घरात येताना आधी खोकायचे. पण केस टिकले. अक्काचे तीन रुमाल आणि टोपी तशीच पडून राहिली, शेवटी ती स्वतःच वापरायला लागली आणि तिला लोक विचारायला लागले, तब्येत बरी आहे ना?

बोटांना जरा जरी मुंग्या आल्या तरी लगेच कळवा, अशी डॉक्टरबाईंची ताकीद होती. आता जरा म्हणजे किती? मास्तरांनी त्याचंही माप काढलं. प्रत्येक फेरीनंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी दुकान उघडलं की परीक्षा. तळहाताएवढा लोकरीचा तुकडा घ्यायचा, त्यातला एकच धागा, नखाच्या रुंदीएवढा, सुईनं ओढून काढायचा. मी डोळे मिटून तो कुठला ते बोटानं सांगायचं. अक्का घड्याळ धरणार आणि खाकी कागदावर सेकंद लिहिणार.

पहिल्या खेपेला नऊ सेकंद लागले. दुसऱ्या खेपेला आठ. मग नऊ, मग अकरा. पाचव्या खेपेला बावीस. अक्कानं तो आकडा लिहिला आणि खडू खाली ठेवला. गारठा आहे आज, असं मास्तर म्हणाले. गारठा नव्हता. मी डॉक्टरबाईंना फोन केला, त्यांनी बोलावून घेतलं, टाचणीनं आणि कापसानं बोटं तपासली, बोटांत काही कमी आढळत नाही असं सांगितलं, थकव्यानंही होऊ शकतं म्हणाल्या. पण बावीस तो बावीस. मास्तर त्या रात्री ताटावरून अर्धपोटी उठले.

सहावी फेरी झाली, शेवटची. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं कापायच्या टेबलाशी. अक्कानं घड्याळ धरलं. मास्तरांनी तुकडा माझ्या हातात दिला. त्यांची बोटं गार होती, ते मला जाणवलं. मी डोळे मिटले.

वरून सुरुवात केली. काही नाही. उभं फिरवलं, आडवं फिरवलं, कोपऱ्यांतून फिरवलं. काही नाही. कापड गुळगुळीत, सलग. सेकंद मोजायचं भान गेलं. उजवं बोट सोडून डावं लावलं, मग मधलं, मग अंगठा. घामानं तुकडा ओलसर व्हायला लागला. बावीस सोडा, मिनिट होऊन गेलं असणार. माझ्या मनात एकच गोष्ट होती: सहा महिने सोसलं, निवडही माझीच, आणि तरी गेली.

मी डोळे उघडले आणि म्हणाले, "गेली माझी बोटं."

मास्तर पांढरे पडले. अक्कानं घड्याळ टेबलावर आपटलं. मास्तरांनी गळ्यातली टेप हातात धरली आणि ते म्हणाले,

"त्यात धागा ओढलेलाच नाहीये."

मला कळेना. अक्कालाही कळेना. ते टेप दोन्ही हातांनी चुरगाळत म्हणाले, "बावीसनंतर मला झोप नाही. शेवटच्या दिवशी तू नापास झालेली मला बघवली नसती. म्हणून ओढलाच नाही."

अक्का आधी सावरली. अरे अक्कलशून्य माणसा, म्हणाली, प्रश्नच दिला नाहीस तर ती पास कशी होईल! चौतीस वर्षांत असला परीक्षक पाहिला नाही. मी मात्र त्या तुकड्याकडे बघत बसले. माझी बोटं दोन मिनिटं मला हेच सांगत होती, की इथं काही नाही, इथंही काही नाही. पुरतं खरं सांगत होती. विश्वास मीच ठेवला नव्हता.

मग मला असा राग आला आणि असं हसू आलं, दोन्ही एकदम, की खुर्चीवरून पडायची वेळ आली. मास्तर बिचारे रडायच्या बेतात, ते बघून अक्कालाही हसू आवरेना. मी म्हणाले, ओढा आता. माझ्यासमोर नाही, पाठ फिरवून. त्यांनी पाठ फिरवली, ओढला. मी डोळे मिटले. बोट टेकवलं, एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. हे इथं.

सात सेकंद, अक्का म्हणाली. तिनं ते लिहिलंही नाही, तोंडावर हात धरून बसली.

त्या दुपारी मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वकिलांच्या कोटाचं पहिलं भोक भरलं. दोन दिवसांनी उरलेली दोन. वकिलांनी कोट घेतला, भोकं शोधली, सापडली नाहीत, फाईल खाली केली आणि गेले. मग मी तो लोकरीचा तुकडा काढला, राखाडी, एक धागा ओढलेला. डब्यातून चांगला भडक लाल दोरा घेतला आणि त्याच जागी रफू केलं. उभं आडवं, एकेक धागा मोजून, तितकंच बारीक. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या रंगाचा दोरा वापरला.

मास्तरांनी तो तुकडा चौकटीत बसवून आरशाशेजारी टांगलाय, माप देताना गिऱ्हाइकाच्या बरोबर समोर येईल असा. दर चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच, मास्तर, हे रफू दिसतंय की. मास्तर टेप गळ्यात टाकतात आणि मागच्या खोलीतल्या मला ऐकू येईल अशा आवाजात सांगतात, "दिसायलाच केलंय."